तेल वारलंय

तीन महिने मी सांगत फिरलो,
दिवाळे गावच्या जेट्टीवर, तुर्भ्याच्या बर्फ कारखान्यात,
करंज्याला सासुरवाडीत सुद्धा:
एकोणीस वर्षांची पिकअप,
पण एक थेंब ऑइल खात नाही.

पट्टी काढून दाखवायचो.
पुसायचो, बुडवायचो, पुन्हा काढायचो.
वरच्या खुणेला टेकलेलं.
पुढच्या महिन्यात खुणेच्याही वर.
कुंदा म्हणाली, न घालता वाढतं ते चांगलं असतं का?
तिच्या आईच्या पोटात असंच पाणी झालं होतं.
मी म्हटलं, गाडी वेगळी, आई वेगळी.

मग उरण फाट्याच्या पुलावर
मागे बारा लाद्या, वर ओली ताडपत्री,
आणि तिने ओढ सोडली.
पाय दाबला की आवाज चढायचा, गाडी नाही.
बर्फ रस्त्यावर ठिबकत होता,
मागचा टेम्पोवाला वायपर चालू करून शिव्या देत होता.

पावण्याच्या नाल्याकाठी मुकादमचं गॅरेज.
पत्र्यावर नाव नाही, नुसता मोबाइल नंबर,
शेवटचा आकडा गंजाने खाल्लेला.
ज्याला माहीत आहे तोच फोन करतो.

"चाचा, तेल वारलंय."
आमच्या तोंडात ढ टिकत नाही.
तो महाडचा. पाना खाली ठेवून हसला.
"वारलं की वाढलं?"
पट्टीचं टोक नाकाशी नेलं
आणि हसायचा थांबला.
"दोन्ही."

आधी रेडिएटरचं झाकण. पाण्यावर तवंग नाही.
मग ऑइलचं झाकण उलटं करून.
साय नाही, ताकासारखा फेस नाही.
"पाणी नाय गेलेलं. हेड वाचलं तुझं."
मी उगाच स्वतःच्या डोक्याला हात लावला.

दोन बोटांत थेंब घेतला, बोटं फाकवली.
कुंदा चिक्कीचा पाक बघते तशी.
तार धरेना.
माझ्या खिशातली बर्फाची पावती मागितली,
तिच्या पाठीवर एक थेंब सोडला
आणि चहा सांगितला.

चहा येईपर्यंत आम्ही दोघं त्या थेंबाकडे बघत बसलो.
मधे काळा ठिपका, जागचा न हललेला.
त्याच्याभोवती पिवळट कडं,
सरकत, सरकत,
पलीकडच्या "लाद्या १२" पर्यंत गेलं
आणि बारा आरपार दिसायला लागले.

"हे बाहेरचं डिझेल."

फीड पंप खोलला. आत रबराचा पडदा,
त्याला नखाएवढी चीर.
पुढे जायचं ते खाली झिरपत होतं,
तिकडे इंजिन उपाशी, इकडे चेंबर फुगलेला.
मी दोन तक्रारी घेऊन आलो होतो,
ओढ नाही, ही एक,
आणि दुसरी तर तक्रारही नव्हती,
मी तिची फुशारकी मारत होतो.

इर्शादने खालचा नट सोडला.
पाच लिटरच्या चेंबरमधून साडेसात आलं,
पाण्यासारखं, मुतल्यासारखं घाईने.
"अजून आठ दिवस," मुकादम म्हणाला,
"की बेअरिंग वाजलंच असतं."
पुढचं बोलला नाही. हिशेब पावतीच्या कोऱ्या कोपऱ्यात लिहिला.
पडदा एकशेऐंशी. ऑइल, फिल्टर वेगळं.
मजुरी लिहिलीच नाही, मला विचारावी लागली.

ते काळं तेल डब्यात भरून ठेवलं.
उलव्याचा सेंट्रिंगवाला घेऊन जातो,
फळ्यांना फासतो, स्लॅब सुटायला.
कुणाच्या तरी छताखालून निघून जाईल
माझा तीन महिन्यांचा बडेजाव.

आज पहाटे जेट्टीवर,
मासळीच्या पाट्या उतरायच्या आधी,
मोबाइलच्या उजेडात पट्टी काढली.
पुसली. बुडवली. काढली.
केसभर खाली.
कुंदाला फोन केला, तिने झोपेतच विचारलं,
काय झालं?
म्हटलं, काही नाही.
खातेय.